वरच्या दाराची गळती

डेक्लनची शवपेटी बोटीत ठेवून सगळे कालव्यातल्या लॉकपाशी, म्हणजे बोटी वर-खाली करणाऱ्या दोन दारांच्या हौदापाशी, वरच्या बाजूनं आले, तर लॉक रिकामं. दोन्ही टोकांची दारं बंद, मधलं पाणी तळाला. म्हणजे खालून येणाऱ्याचा नंबर; लॉक भरलेलं असलं, तरच वरच्याचा. आणि खाली फिंटनची बोट उभी होती. त्याच्याही पलीकडे चर्च, आणि खणून ठेवलेली कबर.

"भरा की लॉक," फादर कोनोल म्हणाले. "मला दुपारी लग्न लावायचंय."

"खाली बोट उभी असताना?" डेक्लनच्या बायकोनं, फिलोमेनानं, रुमालानं डोळे टिपले. "जन्मभर हे लॉक सांभाळलं त्यांनी, फादर. कुणाचा नंबर मोडून थेंबभर पाणी वाया घालवलं नाही. शेवटच्या दिवशी मी घालवू?"

(वरच्या दारातून धार गळतेय.)

तिनं वाकून हाक मारली. "फिंटन, ये वर! तुझा नंबर आहे."

फिंटन खालच्या लॉकचा राखणदार, डेक्लनचा जिवाचा दोस्त. मांडीवर हॅम सँडविचचं ताट. त्यानं टोपी काढली.

"मयताच्या आधी? वहिनी, मेलो तरी येणार नाही."

"मेलास की बघू. आत्ता ये!"

"आधी तो."

"आधी तू!"

(गळतेय.)

काठावरच्या मंडळींनी जपमाळ म्हटली. पुन्हा म्हटली. फिंटननं ताट काठावर चढवलं, सँडविच संपली. फादरांचा फोन वाजला. नवरीचा बाप.

"सांगा त्याला, थांब म्हणावं," फिलोमेना म्हणाली. "इथं नवराच अडकलाय."

मग ती पेटीशेजारी बसली. "लग्न झाल्यापासून सांगतेय, त्या दाराची गळती काढा. ‘उद्या बघतो.’ आता कसला उद्या, हो?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

(अजून गळतेय.)

शेवटी फादरांचा संयम सुटला. "पाप माझ्या माथी!" म्हणत ते वरच्या दाराकडे धावले, झडपेचं हँडल उचललं, आणि तसेच थांबले.

लॉक काठोकाठ भरलं होतं.

त्यांनी दाराच्या लाकडी दांड्याला नुसती पाठ लावली. दार मुकाट्यानं उघडलं.

खालून फिंटनचा आवाज आला. "वहिनी, आता नंबर त्याचाच." टोपी पुन्हा डोक्यावर चढवत म्हणाला, "ती गळती मी उद्या काढून देतो."

फिलोमेनानं पेटीवर हात ठेवला.

"त्या गळतीला हात तर लावून बघ," ती म्हणाली. "मलाही याच वाटेनं जायचंय."