गफूरचाचा तांदूळ पास करतात

गफूरचाचांच्या सदऱ्याच्या खिशातून पेनाऐवजी परखी डोकावते. परखी म्हणजे पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढायची टोकदार लोखंडी नळी. जन्मभर त्यांनी सरकारी गोदामात पोती वाहिली. पाठ वाकली तेव्हा काम सोडलं, परखी काही सोडली नाही.

घाटंजीच्या बाजारात चाचा दिसले की दाणेवाले पोत्यांवर हात ठेवून बसतात. माझ्या भाच्याच्या लग्नात तर त्यांनी आहेर द्यायच्या आधी आचाऱ्याचं पोतं भोसकलं. तांदूळ हुंगला, एक दाणा दाताखाली फोडला आणि भर मांडवात निकाल दिला, "पास!" नवरदेवापेक्षा आचारीच जास्त खुलला.

आमच्या रेशन दुकानातही त्यांच्या परखीशिवाय पोतं उघडत नाही. दुकानदार वैतागतो, "चाचा, तुमाले नेमलं कोनं?"

"मी खानारा हाय," हे चाचांचं ठरलेलं उत्तर.

गेल्या महिन्यात गाडी आधीच उशिरा आली. दारात ही रांग! चाचांनी परखी खुपसली, तर तांदळाबरोबर सोंडेकिडेही चालत बाहेर आले. दुसऱ्या पोत्यात बुरशीचे गोळे. एकेक करत चाचांनी सगळी पोती नापास केली. "वापस!" दुकानदाराने फोन लावला. बदली गाडी चार दिवसांनी येणार होती.

मग रांगच चाचांवर उलटली. मजुरीला जाणारी कमला, तीन लेकरांची आई, पुढे आली. "कायले वापस केलं चाचा? मी निवडून घेतलं असतं न! घरी मूठभर बी दाना नाही. चार दिवस पोराईले काय घालू?"

चाचांनी परखी खिशात सरकवली. "ढोरं बी नाही खानार हे, पोरी," एवढंच ते पुटपुटले.

दुपारी शाळेतून परतताना पाहते तर चाचा खांद्यावर पत्र्याचा डबा घेऊन कमलाच्या दारात उभे.

"धर. डाक्टरनं मले भात बंद केला. घरी नुसता पडून राह्यला."

चाचा एकटे राहतात. त्यांच्या घरात तांदळाचा तेवढाच डबा आहे, हे मला शेजारीण म्हणून पक्कं ठाऊक.

संध्याकाळी चाचा आमच्या दारात हजर. "बाई, तुमचा तांदूळ शिजते कसा, पाहाव म्हन्लं."

मी वरण-भात वाढला. डॉक्टरने भात बंद केलेला हा माणूस खाली मान घालून तीनदा भात घेऊन जेवला. हुंगणं नाही, खोट काढणं नाही. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

"काय चाचा, पास?"

चाचांनी हात धुतले, सदऱ्यालाच पुसले. "उद्या बी या लागन, बाई. एका दिवसात तांदूळ समजत नसते."

"चार दिवस तरी लागतीलच," मी म्हटलं.