पुंता सोर्दाचे प्रेक्षणीय धुणे

मनुष्य कपडे वाळत घालतो तो ते वाळावेत म्हणून नव्हे, तर दुरून पाहणाऱ्याच्या मनाला शांती लाभावी म्हणून. हे सत्य मानवजातीला फार उशिरा, म्हणजे गेल्या वर्षी मार्च महिन्यात, लिगुरियाच्या किनाऱ्यावरील पुंता सोर्दा गावच्या नगरपालिकेत, चार विरुद्ध एक मतांनी गवसले. (विरोधी मत ज्याचे होते, त्याच्या घरी धुणे तो स्वतः धूत असे.)

समुद्राने कधीतरी रागाने भिरकावलेले रंग कड्यावरच वाळून जावेत, तसे हे गाव. वस्ती एकसष्ट. रोजचे पाहुणे तीन हजार चारशे. समोरच्या टेकाडावरून रोज टिपली जाणारी छायाचित्रे सुमारे अकरा हजार. त्यांपैकी धुणे नसलेले एकही नाही. असे असताना गावकरी अत्यंत बेजबाबदारपणे स्वतःचेच कपडे वाळत घालत असल्याचे पाहणीत आढळले. सबब, समुद्राकडील प्रत्येक दोरीस पालिकेतर्फे दोन शुभ्र चादरी, एक निळ्या पट्ट्यांचा सदरा व एक लाल लांब चड्डी (पुरुषाची, घरात पुरुष असण्याची अट नाही) कायमची शिवून देण्यात आली. पाऊस आला तरी हे धुणे काढू नये, ओल्या धुण्याची शोभा वेगळी असते, असेही ठरले. खासगी कपडे न्हाणीघरात वाळवावेत.

एकोणऐंशी वर्षांची देल्फीना हरकत घेऊन नगराध्यक्ष बेर्तोलोत्तो यांच्यापुढे उभी राहिली. गल्लीपलीकडची ओत्ताविया आणि ती, दोघीही एकट्या. सकाळी नऊच्या आत दोघींच्या दोऱ्यांवर काहीतरी लटकायचे. एकीची दोरी रिकामी दिसली, तर दुसरीने तिच्या घराची किल्ली घेऊन जायचे. हे दोघींनी कधी बोलून ठरवले नव्हते. बोलणे अकरा वर्षांपूर्वी, खारवलेल्या मासळीच्या एका बरणीवरून, बंद झाले होते.

“साहेब, आता ती जिवंत आहे की मेली, मला कळायचं कसं?”

“फोन करा की, मावशी.”

“आधी मी करू? तिला?”

नगराध्यक्षांनी ही हरकत ‘भावनिक’ या सदरात नोंदवून घेतली. त्या वर्षी त्या सदरातली ती एकमेव नोंद होती, हे प्रशासनाचे यशच म्हटले पाहिजे.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी ओत्तावियाच्या दोरीवर धुणे डौलात फडकत होते. गुरुवारीही. शुक्रवारी पाऊस झाला, आणि चादरी निथळत राहिल्या, कुणाची वाट पाहणे विसरून गेलेल्या शिडांसारख्या. देल्फीनाला ते बघवेना. तिने खिडकीतून धुण्याचे गढूळ पाणी ओत्तावियाच्या पायऱ्यांवर ओतले आणि शिवीची वाट पाहिली.

शिवी आली नाही.

तिने किल्ली उचलली. गल्लीच्या तोंडाशी पालिकेच्या पहारेकऱ्याने हात आडवा केला. “मावशी, इथून एकेरी वाट आहे. वळसा घालून रांगेतून या.”

“अरे, तिचं दार हे इथं समोर दिसतंय!”

“दिसतंय ना? दिसण्यासाठीच आहे ते.”

नऊ पायऱ्यांचे अंतर देल्फीनाने पाहुण्यांच्या रांगेतून पन्नास मिनिटांत कापले. वाटेत सतरा जणांनी तिच्यासोबत छायाचित्र काढून घेतले.

ओत्ताविया स्वयंपाकघरात, समुद्राकडच्या खिडकीखाली पडलेली होती. खुब्याचे हाड मोडले होते. शेजारी वाइनची रिकामी बाटली, आणि खारवलेल्या मासळीची एक बरणी.

“आलीस? मेल्यावर यायचं ठरवलं होतंस वाटतं, सटवे?”

“तुझी लाल चड्डी फडकत होती. मला वाटलं, मजेत आहेस.”

“माझी? त्या बेर्तोलोत्तोची म्हण!” ओत्ताविया धापा टाकत म्हणाली. “अगं, बुधवारपासून ओरडून ओरडून घसा बसला. खाली तो वाटाड्या पाहुण्यांना सांगतोय, हे इथलं लोकगीत. मग चौकट धरून खिडकीतून हात हलवला. समोर टेकाडावर हजार माणसं, आणि मेले सगळे उलट हात हलवतात!”

देल्फीनाने तिचे डोके मांडीवर घेतले. मग तिची नजर बरणीवर गेली.

“ही माझीच बरणी ना गं?”

“गप बस. डॉक्टरला बोलव.”

चौकशी समितीला तीन दिवसांच्या छायाचित्रांपैकी चारशे बारांमध्ये तो हात आढळला. पाहुण्यांचे अभिप्राय इतके उत्साहवर्धक होते, की समुद्राकडील प्रत्येक खिडकीतून सकाळी दहा ते एक या वेळात एक हात हलता ठेवावा, असा ठराव एकमताने संमत झाला. (विरोधी सदस्य त्या दिवशी धुणे धूत होता.) ओत्ताविया रुग्णालयात आहे. तिच्या दोरीवरचे सरकारी धुणे देल्फीनाने कात्रीने कापून समुद्रात टाकले आणि तिथे स्वतःचा विटका एप्रन लटकवला. तिला रीतसर नोटीस गेली आहे.

तुमच्याकडेही ते छायाचित्र आहे. डावीकडून तिसरे, पिवळे घर. ओल्या चादरीच्या वर एक हात. खाली तुम्ही लिहिले आहे, ‘किती प्रेमळ माणसं!’ आणि पंचाहत्तर नातेवाइकांना ते आवडले आहे. त्या हाताला उत्तर देण्यापूर्वी तुम्ही आपला चिवड्याचा हात रुमालाला पुसला होता, याची पालिकेने कृतज्ञतापूर्वक नोंद घेतली आहे.