एकवीस नंबरचा बिल्ला

गेल्या थंडीत खानविलकर काकांच्या शेतावरून मी एकवीस नंबरचा पितळी बिल्ला खिशात घालून, कोणाला न सांगता निघून आलो. चूक एवढीच. चोरी म्हणावी, तर भंगारवाल्यानंही त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नसतं.

खानविलकर सानपाड्याला आमच्याच सोसायटीत राहतात. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी तळोज्याच्या पलीकडे थोडी जमीन घेतली, वाल लावला आणि लोकांना पोपटी खायला बोलावू लागले. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात कोंबायचे आणि मडकं उलटं करून भोवती जाळ करायचा. लोक येतात त्या वासाला. खानविलकरांना मात्र पाहुणा दिसला की हा कुठून पडेल, कशात भाजेल आणि याला काय चावेल, एवढंच दिसतं.

फाटकाशी त्यांनी कंपनीच्या गेटवर असतो तसा खिळ्यांचा बोर्ड लावलाय. येताना बिल्ला घ्यायचा, जाताना स्वतःच्या हातानं खिळ्याला अडकवायचा. "बाकी गप्पा नंतर. आधी मुंडकी मोजू," हे वाक्य दिवसातून दहा वेळा. जाळाशेजारी वाळूच्या चार बादल्या. म्हाताऱ्या शेळीच्या गळ्यात पाटी, 'ढुशी मारते.' मी म्हटलं, "काका, हिनं कधी कोणाला ढुशी मारली?"

"अजून नाही."

त्या दिवशी आमची सोसायटी बस करून गेली होती. बायको माहेरी, म्हणून मी एकटाच. मोटार दुरुस्तीसाठी विहिरीवरची जाळी एका बाजूनं काढलेली होती. तिथे दोरी बांधून खानविलकर शिट्टी घेऊन उभे. मी अर्थातच दोरी ओलांडून आत डोकावलो. शिट्टी वाजली. "एकवीस नंबर, मागे." मी सलाम ठोकला, सगळे हसले. मग पोपटी खाऊन झाल्यावर 'भाजल्यास काय करावे' हे भाषण सुरू झालं, तसा मी मागच्या बांधावरून सटकलो. रिक्षा पकडली, सीवूड्सला सिनेमाला जाऊन बसलो. फोन बंद. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश होतो की पॉपकॉर्नही मोठं घेतलं.

बाहेर आल्यावर फोन चालू केला, तर मिस्ड कॉल संपेनात. मी खानविलकरांना लावला. "काका, मी सीवूड्सला आहे."

"बिल्ला?"

मी खिसा चाचपला. "आहे माझ्याकडे."

"बरं." फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्ला परत द्यायला शेतावर गेलो. फाटकातच गंगूबाई भेटली. ती तिथली स्वयंपाकीण. वालाचे वेल चिखलात आडवे झालेले बघून मी विचारलं, "इथे काय झालं?"

"हिर उपसली. शेजारून दोन मोटारी आणून लावल्या. तुमचे सेक्रेटरी बोलले, तो तसाच हाय, गेला असंल, दुसरा बिल्ला लावा नि बस सोडा. म्हातारा ऐकंना. शेवटी सोता उतरला. कमरंला दोर, डोक्याला हेलमेट. आमी चौघांनी दोर धरला."

खानविलकर बोर्डाखाली खुर्चीवर बसले होते. गळ्याला मफलर, खोकला. गुडघा सुजलेला. बिल्ला त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, खिळ्याला लावला आणि एकपासून सगळे बिल्ले बोट लावून मोजले.

मी आपला ओशाळून विनोद केला. "माझ्यासारख्यासाठी अख्खी विहीर उपसलीत, काका? बुडालो असतो तर सोसायटीनं पेढे वाटले असते."

ते हसले नाहीत. बोर्डाकडेच बघत म्हणाले, "कंपनीत एकदा गॅस सुटला होता. सगळ्यांना बाहेर काढलं. बोर्डावर बिल्ले पूर्ण. मोजणी जुळली, मी सही केली."

"मग?"

"एका हेल्परचा बिल्ला त्याच्या दोस्तानं लावला होता. जाताना माझापण लाव म्हणाला असेल. लोक लावतात एकमेकांचे. तो आत टाकीमागे होता." त्यांनी मफलर सारखा केला. "सही माझी आहे. काल एकवीसचा खिळा रिकामा दिसला. म्हटलं, या वेळी निदान कळलं तरी."

माणसं मोजायची खोड म्हणून मी या माणसाच्या नकला सोसायटीच्या गच्चीवर करून दाखवल्या होत्या. चांगल्या जमायच्या. मी बोर्डावरचा एकवीस नंबर उगाच सरळ केला. तो सरळच होता.

गंगूबाईनं चहा आणला. खानविलकरांच्या हातात कप दिला, बशी धरून उभी राहिली. मग माझा कप तिनं कठड्यावर ठेवला आणि म्हणाली, "तुमी बुडला असता, तं निदान सापडला तरी असता."