अर्धा पूल आणि पूर्ण एकांत

एकांत ही हल्ली एकट्याला परवडणारी गोष्ट राहिलेली नाही. म्हणून सुज्ञ लोक तो चार-पाच जणांत मिळून घेतात. ही वाढती सामाजिक गरज ओळखून निपाणीजवळ वेदगंगेच्या पात्रात 'मौनद्वीप' हे पर्यावरणस्नेही अतिथिगृह सुरू झाले, याबद्दल आपण सर्वांनी कृतज्ञ असले पाहिजे.

नदी एका जागी दुभंगते आणि पुढे फर्लांगभरावर, जणू भांडण मिटल्यासारखी, पुन्हा जुळते. मधल्या जमिनीत अण्णाप्पांचा ऊस, थोडे नारळ आणि एक घर. गावात या जागेला 'मळी' म्हणतात. माहितीपत्रकात तिचा उल्लेख 'उष्णकटिबंधातील दुर्गम बेट' असा आहे, आणि तो खोटा नाही. (उष्णकटिबंधात निपाणीचा बसस्टँडही येतो. तो दुर्गम नाही, फक्त वाटतो.)

अण्णाप्पांचा मुलगा अभिनंदन बंगळूरला कंपनीत होता. तिथून तो एक दाढी आणि एक कल्पना घेऊन परतला. घरात जे जे नव्हते, ते ते त्याने सुविधा म्हणून जाहीर केले. रेंज नाही: डिजिटल उपवास. पाहुण्यांच्या झोपडीत पंखा नाही: श्वासाची जाणीव. डास: जैवविविधता. (चावल्यास, सहभागी जैवविविधता.) घर जैन, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवणे उरकतात. पणजोबा हे धर्म म्हणून करत. पाहुणे 'शरीराच्या घड्याळाशी सुसंवाद' म्हणून करतात, आणि रात्री सुसंवाद तुटला की बॅगेतला चिवडा काढतात.

स्वयंपाकघरात मात्र वीज आहे. मिक्सरचा आवाज पाहुण्यांच्या कानी गेल्यास तो बेटावरील एका दुर्मीळ कीटकाचा असल्याचे सांगावे, अशी घरच्यांना कायमची सूचना आहे. (एका पाहुण्याने तो ध्वनिमुद्रित करून अभ्यासासाठी परदेशी पाठवला आहे. उत्तर यायचे आहे.)

येण्याजाण्याचे साधन म्हणजे गुळाची काहील. गुऱ्हाळात रस आटवायची ही रुंद लोखंडी कढई पाण्यावर छान तरंगते. फक्त पुढे जाण्यापेक्षा गोल फिरण्याकडे तिचा कल असतो. काठ लागतो तो ओघाओघात. पाहुण्यांना यातून जीवनाविषयी काहीतरी कळते. नेमके काय, ते उलटी थांबल्यावर सांगतात.

एवढ्या सुविधांमध्ये अडचण एकच होती: अभिनंदनची आई. शालनआक्कांना पूल हवा होता.

कारण साधे होते. पलीकडच्या गावात बस्ती, म्हणजे जैन मंदिर आहे, आणि दर चातुर्मासात तिथे मुनिमहाराज मुक्कामाला असतात. महाराजांना आपल्या दारात आहार घडावा, ही आक्कांची लग्न होऊन आल्यापासूनची इच्छा. पण महाराज पायीच चालतात. होडीत बसत नाहीत, काहिलीत तर नाहीच. म्हणून आक्का दर पावसाळ्यात गरगरत पलीकडे जात आणि महाराजांच्या स्वागताला नणंदेच्या दारात कलश घेऊन उभ्या राहत. आहारदानाच्या पुण्यात वाटा मिळे, पण दार दुसऱ्याचे.

अखेर पूल मंजूर झाला. निपाणीचा तरुण अभियंता दीपंकर टेप घेऊन मोजणीला आला.

"आक्का, माणूस चालंल एवढाच हाय, पर पक्का."

"महाराज चालतील न्हवं त्यावरनं?"

"आरामात."

आक्कांनी आतून गूळ-शेंगदाणे आणले. अभिनंदन पुढे सरसावला.

"सर, पूल जरा दिसणार नाही असा करता येईल का? म्हणजे वेलींनी झाकलेला? किंवा पाहुणे आले की काढून ठेवायचा?"

"अभिनंदन, पूल हाय त्यो. पंगतीची सतरंजी न्हाय गुंडाळून ठेवायला," दीपंकर म्हणाला.

"आई, पूल झाला तर गिऱ्हाईक कशाला यील गं हिकडं?"

"न्हाय आलं तर न्हाय. महाराज येतील."

"महाराज रिव्ह्यू लिहीत न्हाईत, आई."

"लिहीत न्हाईत म्हणून तर त्यास्नी बोलवायचं."

"माझं काय न्हाय," अण्णाप्पा उठत म्हणाले, "मी पोहत जातो."

त्या वेळी शेजारच्या झोपडीत पुण्याचा एक गट मौन पाळत होता. मौनात कान फार तीक्ष्ण होतात. रेंजमध्ये पोचताच गटाने मौन सोडले आणि 'बेट वाचवा' ही मोहीम उघडली. सिमेंटचा राक्षस एक निष्पाप बेट गिळतो आहे, हे वाचून पुणे, बंगळूर आणि टोरांटो येथे तीव्र संताप पसरला. सह्यांचा पाऊस पडला. सही करणाऱ्यांपैकी बेट पाहिलेले: दोन टक्के. बेटावर माणसे राहतात हे ठाऊक असलेले: त्याहून कमी. बेटावरच्या काजव्यांसाठी डोळे पाणावलेले: एकोणचाळीस टक्के. (बेटावर काजवे नाहीत. फोटो दुसरीकडचा होता.)

पूल बांधणाऱ्या सरकारी कार्यालयासमोर पेच पडला. एका बाजूला लोकांची गरज, दुसऱ्या बाजूला लोकभावना. अशा वेळी समतोल साधणे हेच प्रशासनाचे काम असल्याने दोघांना समसमान न्याय देण्यात आला, आणि पूल अर्धा बांधण्यात आला.

गावाच्या काठापासून तो निघतो, नदीच्या मध्यापर्यंत दिमाखात जातो आणि तिथे कठडा लावून संपतो. अर्ध्या पुलावरून अर्धेही पलीकडे जाता येत नाही, असे दीपंकरने वरिष्ठांच्या निदर्शनास आणले. हा मुद्दा तांत्रिक असल्याचे वरिष्ठांनी मान्य केले. पुलाला आता 'निसर्ग-निरीक्षण सज्जा' म्हणतात. मौनद्वीपचे बुकिंग दुप्पट झाले आहे. आणि या चातुर्मासातही आक्का गरगरत गेल्या आणि नणंदेच्या दारात उभ्या राहिल्या.

पर्युषण संपले, क्षमावाणीचा दिवस आला. या दिवशी जैन माणसे एकमेकांची क्षमा मागतात आणि करतात. बस्तीतून परतताना मायलेक त्या सज्ज्यावर टेकले. अभिनंदनने आईचे पाय धरले.

"चुकलं असंल तर क्षमा कर, आई."

"केली."

"आणि त्या सह्यावाल्यांना?"

"त्यास्नी पण. पर अशी ढिगानं क्षमा होत न्हाय रं. नावं वाच."

सज्ज्यावर रेंज उत्तम येते. अभिनंदन फोनवरून एकेक नाव वाचू लागला, आणि प्रत्येकाला आक्का हात जोडून "क्षमा" म्हणू लागल्या. ऊन कलले तरी दोघे उठले नाहीत. मग तुमचे नाव आले.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठल्याच कागदावर सही केलेली नाही. कागद नव्हताच हो. मागे ग्रुपवर एक हिरवागार फोटो आला होता. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये तुम्ही अंगठा टेकवलात आणि संध्याकाळपर्यंत जरा बरे वाटत राहिले.

"हे कोण रं?" आक्कांनी विचारले.

"ठावं न्हाय गं. बेट बघितल्यालं न्हाय. सहीखाली तेवढं विचारलंय, दिवाळीत खोली मिळंल का म्हणून."

आक्कांनी पदर सारखा केला आणि पुन्हा हात जोडले.

"ह्यास्नी दोनदा."