अहो, कबासोसाहेब

नव्या मॅनेजरबाईंनी कबासो आणि जेरे या दोघांना ऑफिसात समोरासमोर बसवलं आणि एकमेकांचा एकेक चांगला गुण सांगायला सांगितलं. ऑफिस म्हणजे गवताच्या चार भिंती आणि एक टेबल. बाहेर लुआंग्वा नदीत पाणघोडे खिदळल्यासारखे आवाज काढत होते. त्यांचं बरोबरच आहे, असं जेरेला वाटलं.

"कबासो, आधी तुम्ही," हेलनबाई म्हणाल्या.

कबासोने टोपी काढली, टोपीत बघितलं, पुन्हा घातली. "पाय आहेत त्याला," तो शेवटी म्हणाला.

"पाय?"

"चालतो बरा. पाठीवर ओझं घेऊन. यांच्या गावाकडे गाढवंही इतकी चालत नाहीत."

"गाढव हा शब्द नको."

"मग नुसते पाय लिहा."

"आता तुम्ही, जेरे."

जेरेने मनापासून विचार केला. "हा फारसा बोलत नाही, हा एक गुण आहे मॅडम. तोंडात सदानकदा माकडाची तंगडी असते, बोलणार कसा?"

हेलनबाईंनी पेन खाली ठेवलं. बाई स्कॉटलंडच्या, येऊन जेमतेम महिना झालेला. स्वभावाने सरळ, आणि रागावल्या की आणखीच मऊ बोलणाऱ्या. झालं होतं असं, की पाहुण्यांत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सफारीला यायचं म्हणून त्यांनी वर्षभर कॅसेटी ऐकून इथली न्यांजा भाषा चिकाटीने शिकली होती. पायी सफारीत पुढचा बंदूकवाला कबासो आणि मागचा चहावाला जेरे एकमेकांना काय म्हणतात, ते त्यांना शब्द न् शब्द कळलं. त्यांनी जाताना चार पानी तक्रार लिहिली. बंदूकवाला सरकारी नोकर, म्हणून एक प्रत वन्यजीव खात्यालाही धाडली. चहावाला बंदूकवाल्याला माकडखाऊ म्हणतो, बंदूकवाला चहावाल्याला उंदीरखाऊ म्हणतो आणि वारुळात पुरायची धमकी देतो, असा मजकूर होता. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

"मॅडम, हा माझा सोयरा लागतो," जेरेने समजावायला घेतलं.

"तुम्ही नातेवाईक आहात?"

"छे. हा बेंबा जमातीचा, मी न्गोनी. आमच्या आजोबांनी यांच्या आजोबांना भाले घेऊन पळवलं होतं."

"उलटं सांगतोय," कबासो म्हणाला. "आम्ही यांना पळवलं. अजून धापा टाकतायत."

बाईंनी वहीत 'जुनं जातीय वैर' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

आता हे त्यांना कोण आणि कसं समजावणार? आजोबांची लढाई कधीच संपली आणि मागे उरलं ते थट्टेचं नातं. बेंबाने न्गोनीला काहीही बोलावं, न्गोनीने बेंबाला काहीही बोलावं, आणि कुणी रागवायचं नाही. रागावलाच, तर त्याला घरचं वळण नाही असं लोक म्हणणार. कबासोची बायको गेली तेव्हाची गोष्ट. तीन दिवस माणूस अन्नाला शिवला नव्हता, रडतही नव्हता. सगळा गाव माना खाली घालून अंगणात बसलेला. जेरे आला, दारातच उभा राहिला आणि मोठ्यांदा म्हणाला, "सुटली बिचारी. याचं घोरणं ऐकण्यापेक्षा मातीखाली बरं, असं म्हणाली असेल." कबासो आधी हसला, मग हसता हसता रडायला लागला, आणि संध्याकाळी चार घास जेवला. जेवण जेरेच्या बायकोने, एनेलेसने, आणलं होतं. तेव्हापासून दर रविवारी त्याचं ताट तिच्याकडूनच जाई.

बावीस वर्षं दोघांनी मिळून ती वाट तुडवली होती. पावसाळ्यात नदी कॅम्प धुऊन न्यायची, मे महिन्यात सगळे मिळून गवत-बांबूंनी तो पुन्हा उभा करायचे, आणि पहिल्या सकाळी तीच रांग लागायची. पुढे बंदूक घेऊन कबासो, मध्ये पाहुणे, शेवटी किटली आणि केक पाठीवर घेऊन जेरे. ते दिवस आठवले की जेरेच्या नाकात आजही चिंचेखालच्या चुलीचा धूर भरतो. मागून जेरेची शिवी आली की कबासो थांबायचा, आणि शिवीच्या सुरावरून हत्ती आहे की रानरेडा, हे त्याला मान न वळवता कळायचं.

"आणखी एक जरी तक्रार आली," हेलनबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "तर खातं कबासोंना गेटवर बसवणार आहे. तसं पत्र आलंय."

गेटवरचं काम म्हणजे गाडी आली की दांडा वर, गाडी गेली की दांडा खाली. कबासोचा तो शेवटचा हंगाम होता. नोव्हेंबरात तो कायमचा कसामाला, आपल्या गावी, जाणार होता. जेरेने त्याच्याकडे पाहिलं. एरवी तोफ असलेला माणूस टोपीची कड कुरतडत बसला होता.

"उद्यापासून आम्ही नीट बोलू, मॅडम," जेरे म्हणाला. "अगदी अहो-जाहो."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरापाशी जेरे म्हणाला, "नमस्कार कबासोसाहेब. झोप बरी झाली ना आपली?"

"आपल्या कृपेने," कबासो म्हणाला. "आपली?"

आचाऱ्याच्या हातून पळी पडली. त्याने दोघांकडे पाहिलं, पळी उचलली आणि न्याहारी होण्याआधी अख्ख्या कॅम्पात बातमी पसरवली, की त्या दोघांचं काहीतरी फार वाईट बिनसलंय. दुपारपर्यंत ती नदीपलीकडे गावात पोचली. कुणी म्हणालं जमिनीवरून झालं, कुणी म्हणालं बाईवरून. रविवारी एनेलेस ताट घेऊन निघाली आणि अर्ध्या वाटेवरून परत आली.

"खरं सांगा, काय केलंत तुम्ही त्याला?" तिने नवऱ्याला विचारलं.

"काही नाही. चांगलं बोलतोय."

"तेच म्हणते मी. इतकं चांगलं बोलायची वेळ का आली?"

मग गावचे दोन म्हातारे कोंबडी घेऊन समेट घडवायला आले. त्यांनी झाडाखाली दोघांना बसवलं आणि म्हणाले, बाबांनो, जे असेल ते पोटात ठेवू नका. दोघांनाही खरं सांगायचं होतं. पण हेलनबाई दहा पावलांवर उभ्या राहून कौतुकाने बघत होत्या. "कबासोसाहेबांबद्दल मला अत्यंत आदर आहे," जेरे म्हणाला. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, माना हलवल्या आणि कोंबडी घेऊन परत गेले.

गेट टाळायला सुरू केलेलं ते सोंग हळूहळू अंगावर यायला लागलं. अहो-जाहोत बोलायला दोघांकडे विषयच नव्हते. हवा बरी आहे, असं रोज दोनदा बोलून झालं की संपलं. तिसऱ्या आठवड्यात कबासो चहा घेऊन लांब जाऊन बसायला लागला. शेवटचा हंगाम असा मुक्यानेच जाणार, हे जेरेला दिसत होतं, आणि ते त्याच्या फार जिव्हारी लागलं.

सुधारणा कितपत झाली, हे बघायला त्या शुक्रवारी हेलनबाई स्वतः पायी सफारीला आल्या. बरोबर चार पाहुणे होते. कोरड्या ओढ्यापाशी रांग वळली आणि जेरेला डावीकडच्या झुडपात एक म्हातारा, एकांडा रानरेडा बसलेला दिसला. कबासो त्याला ओलांडून पुढे गेला होता. नेहमीची शिवी जेरेच्या ओठांवर आली. पुढ्यातच बाई होत्या. त्याने शिवी गिळली.

"कबासोसाहेब," तो म्हणाला, "आपल्याला सवड असल्यास, डाव्या हाताला जरा नजर टाकावी, अशी नम्र विनंती आहे."

कबासो वळला. त्याने रीतसर टोपी काढली. "जेरेसाहेब, आपण काही म्हणालात?"

"रेडा म्हणालो, हुजूर."

तोवर रेडा उठून उभा राहिला होता, आणि त्याला नम्रतेचं काही सोयरसुतक नव्हतं. पुढचा प्रकार अर्ध्या मिनिटात आटोपला. शेजारी एक मोठं झाड होतं. कबासोने चारही पाहुण्यांना एकेक करून वर ढकललं, मग बाईंना ढकललं, आणि स्वतः चढताना बंदूक खाली राहिली. जेरे किटली टाकून आधीच अर्ध्यावर होता. रेड्याने किटलीवर पाय दिला, तिची भाकरी केली आणि झाडाखाली ठाण मांडलं.

वर सगळे फांद्यांना घट्ट धरून बसले. मग कबासो हळूच म्हणाला, "सवड असल्यास."

"तू टोपी कशाला काढलीस, माकडखाऊ?" जेरे म्हणाला.

"उंदराच्या पिल्ला, रेड्यासमोर निवेदन देत होतास तू. अर्जावर तिकीट लावायचं राहिलं का रे?"

आणि धरण फुटलं. तीन आठवड्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. आजोबा निघाले, आज्या निघाल्या, भाले निघाले, घोरणं निघालं. हेलनबाई दोनदा "कृपा करून" म्हणाल्या आणि मग गप्प झाल्या, कारण त्या दोघांच्या वरच्याच फांदीवर होत्या आणि त्यांना खालचं दिसत होतं. साठीच्या कबासोचा पाय घसरत होता. जेरे तोंडाने त्याच्या सात पिढ्या काढत होता आणि एका हाताने त्याचा कमरेचा पट्टा गच्च धरून होता. तासाभराने रेडा कंटाळून निघून गेला. तोपर्यंत तो हात सुटला नाही.

सोमवारी खात्याचे साहेब चौकशीला आले. त्यांचं नाव न्झिमा. त्यांनी चारही पानं दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

"मॅडम, जेरे यांनी कबासो यांना माकडखाऊ म्हटलं, असं इथे लिहिलंय."

"हो. पण मला आता वाटतं, की त्यात…"

"मग त्यात खोटं काय आहे?" साहेबांनी गंभीरपणे विचारलं. "बेंबा आहेत. खातातच."

कबासो ताडकन उठला, सलाम ठोकला आणि म्हणाला, "साहेब, न्गोनी माणूस लपत नाही, आपल्या खिशातून उंदराची शेपटी लोंबतेय."

हेलनबाईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा न्झिमासाहेब टेबलावर डोकं ठेवून गदगदा हसत होते. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि कागदावर लिहिलं: 'चौकशी केली. दोन्ही पक्ष खरं बोलत आहेत. तक्रार निकाली.'

कबासोने उरलेला हंगाम पायीच पुरा केला. पहिल्या पावसाच्या आधी तो बसमध्ये चढला, आणि बस दिसेनाशी होईपर्यंत खिडकीतून न्गोनी लोकांचं खानदान काढत होता. जेरे रस्त्यावर उभा राहून उत्तरं देत होता. शेवटची दोन-तीन उत्तरं धुळीलाच दिली.

मे महिन्यात नवा बंदूकवाला आला. पोरगा गुणी, देशाच्या पार पश्चिम टोकाचा; तिथल्या लोकांशी न्गोनींचं थट्टेचं नातं नाही. जेरेला 'बाबा' म्हणायचा आणि वाकून नमस्कार करायचा. "बाबा, तुम्ही दमला असाल, ओझं माझ्याकडे द्या," म्हणायचा. त्याच्या चांगुलपणाने जेरे महिनाभरात दहा वर्षांनी म्हातारा झाला. मागून चालताना तो आता गप्पच असे. चहाही पाणचट व्हायला लागला, आणि पाहुणे तो चांगला आहे म्हणत पीत.

एका सकाळी चिंचेखाली त्याने हेलनबाईंच्या हातात कप दिला. बाईंनी घोट घेतला. पाहुणे लांब आहेत ना, हे मागे वळून पाहिलं. मग फॉर्म वाचावा तशा सावकाश, एकेक शब्द जुळवत त्या न्यांजात म्हणाल्या, "काय रे उंदीरखाऊ, हा चहा आहे, की उंदीर धुतलेलं पाणी?"

जेरेचा हात थांबला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने धुराच्या नावावर खपवलं. वार झाला की उलटवार करायलाच हवा, नाहीतर नातं जुळत नाही. पण या बाईच्या लोकांबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"मॅडम," त्याने विचारलं, "तुमच्या गावाकडे काय खातात?"

बाई स्वभावाने सरळ. त्यांनी खरं ते सांगून टाकलं. "मेंढीचं काळीज आणि फुप्फुसं बारीक चिरतो. मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत भरतो आणि उकडतो. सणासुदीला."

जेरेने किटली चुलीवरून उतरवून बाजूला ठेवली. अंगरखा झटकला आणि कितीतरी महिन्यांनी ऐसपैस मांडी घातली.

"बस अशी समोर," तो म्हणाला. "वेळ लागेल."