टिकलीला आठवीत घालायचं कुठं?

एका जंगलात, बाळांनो, शाळा फक्त सातवीपर्यंतच होती.

ती शाळा रवंथेबाईंची. रवंथेबाई म्हणजे म्हैस. त्या बसून शिकवायच्या, चिखल असला तर लोळून शिकवायच्या. एक धडा शिकवला की तो थोड्या वेळानं पुन्हा त्यांच्या तोंडात यायचा, मग तोच धडा पुन्हा. त्यामुळे मुलांना सगळं पाठ होई. वर्गात गोंगाट एवढा असायचा, की पलीकडच्या डोंगरावरचे ससेही ऐकून ऐकून पाढे शिकले होते.

याच शाळेत टिकली नावाची माकडीण सातवी पास झाली. तिचे बाबा फांदोजी आणि आई झेपाबाई. टिकली हुशार होती. ती दिवसभर झाडावरून झाडावर उड्या मारायची आणि दोन उड्यांच्या मध्ये, हवेत असताना, प्रश्न विचारायची. "बाबा, चिंच आंबट का?" पुढच्या फांदीवर पोचेपर्यंत उत्तर मिळालं नाही, तर ती नवा प्रश्न काढायची.

फांदोजींना काळजी लागली.

"पोरगी मोठी झाली," ते म्हणाले. "आता हिला शिस्त लागली पाहिजे. चांगल्या शाळेत घातली पाहिजे."

"जवळच्या शाळेत घालू," झेपाबाई म्हणाल्या.

"जवळ शाळाच नाही."

"मग लांबच्या."

एवढ्यात शेजारच्या घोरपडेकाकू आल्या. काकू म्हणजे घोरपड. त्यांचा मुलगा तळ्याकाठच्या एकचित्त विद्यालयात शिकत होता.

"आमच्या बंड्याला बघा," काकू म्हणाल्या. "सकाळी दगडावर ठेवला, तर संध्याकाळपर्यंत हलत नाही."

बंड्या त्या शाळेत जायच्या आधीही हलत नव्हता. पण हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. फांदोजी भारावून गेले.

दुसऱ्याच दिवशी तिघं तळ्याकाठी गेले. बाळांनो, काय ती शाळा! दारात पाटी होती, 'हलू नका, पुढे जा.' आत मुलं ओळीनं बसलेली. मोराचा पिसारा सुतळीनं बांधलेला. पहिल्या बाकावरचा बेडूक गाल फुगवून बसला होता. पाऊस सुरू झाल्यापासून तो एकदाही ओरडला नव्हता. खारी एकामागून एक पावलं मोजत चालत होत्या. धावायला बंदी होती, म्हणून धावण्याच्या शर्यतीत जो सगळ्यात शेवटी पोचेल त्याचा पहिला नंबर. सगळी ढाल-पदकं कासवाच्या घरी होती.

मुख्याध्यापक बगळे सर पाण्यात एका पायावर उभे होते. डोळे अर्धे मिटलेले.

"आमच्याकडे फक्त अभ्यास," सर म्हणाले. "खेळ नाही, गाणं नाही, शेपटी नाही."

"शेपटी नाही म्हणजे?" झेपाबाईंनी विचारलं.

"कमरेला गुंडाळून गाठ मारायची. मोकळी शेपटी म्हणजे मोकळं मन. मोकळ्या मनानं अभ्यास होत नाही."

फांदोजींनी मान डोलावली. त्यांनी हळूच आपलीही शेपटी मागे लपवली.

"सर, ते मागचे बाक रिकामे का आहेत?" टिकलीनं विचारलं.

"तिथं मासोळ्या बसायच्या," सर म्हणाले. "वर्षाअखेर थोडी गळती होतेच. ग्रामीण भागात गळतीचा प्रश्न फार गंभीर आहे." असं म्हणून त्यांनी चोच पुसली. "आणि एक. आमच्याकडे प्रश्न आम्ही विचारतो. मुलं उत्तर देतात."

फांदोजींनी टिकलीच्या डोक्यावर टप्पल मारली आणि तिला प्रवेश मिळाला.

पहिल्या दिवशी टिकली घरी आली ती रडत. शेपटीची गाठ काचत होती. झेपाबाईंनी गाठ सोडायला हात घातला.

"राहू दे," फांदोजी म्हणाले. "सवय होईल. आपल्या वेळी असं कुणी बांधलं असतं, तर आपण आज कुठं असतो?"

झेपाबाईंना वाटलं, आपण आज जमिनीवर असतो. पण नवऱ्याला एवढी आस आहे, शाळा नावाजलेली आहे, आपण चार झाडांपलीकडे काही पाहिलेलं नाही, असंही त्यांना वाटलं. त्यांनी गाठीखाली मऊ पान सरकवून दिलं.

सवय झाली. टिकली उड्या मारायची थांबली. मग प्रश्न विचारायची थांबली. शाळेत 'चढणे' हा विषय होता. तो बसून शिकवायचे. व्याख्या, प्रकार, फायदे, तोटे. टिकलीला त्यात पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्या संध्याकाळी ती घराच्या झाडाखाली उभी राहिली आणि म्हणाली, "झाडास खोड असते. खोडास फांद्या असतात."

"ऐकलंत?" फांदोजींनी सगळ्या शेजाऱ्यांना हाक मारली. "ऐकलंत किती शुद्ध बोलते?"

"वर ये, जेवायला," झेपाबाई म्हणाल्या.

टिकलीनं खोडाला हात लावला. बराच वेळ लावून ठेवला. शेवटी आईनं ताट खाली आणून दिलं.

मग शाळेचा गुणगौरव समारंभ आला. पालकांनाही ओळीनं बसवलं होतं. प्रमुख पाहुणे होते बिबटे साहेब. ते बिबट्या होते, पण हल्ली शिक्षणाकडे वळले होते.

साहेब बोलायला उभे राहिले. मुलांवरून नजर फिरवली आणि त्यांचा आवाज दाटून आला.

"मी खूप शाळा पाहिल्या," ते म्हणाले. "मी दारात पाऊल टाकलं की मुलं सैरावैरा पळतात. शिस्त नाही, पाहुण्याचा मान नाही. इथं मी आत आलो आणि एकही मूल जागचं हललं नाही. अशाच शाळेच्या शोधात मी जन्मभर हिंडलो."

पालकांच्या ओळीत पुष्कळांनी डोळे पुसले.

"आता गुणवंत विद्यार्थ्यांना मी एकेक करून भेटणार आहे," साहेब पुढे म्हणाले. "त्या करवंदीच्या जाळीमागे. निवांतपणे. पहिलं बक्षीस, विषय चढणे, कुमारी टिकली."

टाळ्या वाजवायची परवानगी नव्हती, म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या. टिकली उठली. शेपटीची गाठ नीट केली आणि जाळीकडे चालू लागली. बिबटे साहेब तिच्या मागोमाग निघाले.

"अहो," झेपाबाई कुजबुजल्या, "साहेब जिभल्या चाटताहेत."

"एवढं भाषण केलंय," फांदोजी म्हणाले. "घसा कोरडा पडला असेल."

"अहो, ते दबकत चालताहेत."

"मोठी माणसं अशीच चालतात. खाली बस, लोक बघताहेत."

झेपाबाई खाली बसल्या नाहीत. त्या ओरडल्या, "टिकले, चढ!"

जाळीशेजारी जांभळाचं झाड होतं. टिकली झाडासमोर थांबली. हात बाजूला, मान ताठ. "चढणे म्हणजे," ती म्हणाली, "खालून वर जाण्याची क्रिया. तिचे तीन प्रकार..."

बिबट्यानं झेप घ्यायला पाय आवळले.

झेपाबाईंनी पालकांची ओळ मोडली. एक पाय घोरपडेकाकूंच्या पाठीवर, दुसरा बिबटे साहेबांच्या डोक्यावर, आणि तिसरी उडी थेट मुलीपर्यंत. शेपटीची ती गाठ हातात धरायला सोयीची निघाली. गाठ पकडून त्यांनी टिकलीला पिशवीसारखी उचलली आणि जांभळाच्या शेंड्यावर, साहेबांचं वजन पेलणार नाही अशा बारीक फांदीवर नेऊन बसवली.

"मी तर प्रमाणपत्र देत होतो," बिबटे साहेब खालून म्हणाले.

"पालकांनी जागेवर बसावं," बगळे सर म्हणाले.

टिकलीनं शेंड्यावरून खाली पाहिलं. बेडूक बसला होता, मोर बसला होता, खारी ओळीत उभ्या होत्या. बिबट्या आता दुसऱ्या बक्षिसाची चौकशी करत होता.

"तुम्ही पळत का नाही?" टिकलीनं विचारलं.

वर्षभरातला तिचा तो पहिला प्रश्न. मुलांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "याचं उत्तर अभ्यासक्रमात नाही." मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि मग बेडूक ओरडला. सगळ्या पावसाळ्याचं साठलेलं एकदम बाहेर आलं. तळ्याला लाटा आल्या. मोराची सुतळी तटकन तुटली. खारी आठ दिशांना आठ उधळल्या. बंड्यासुद्धा दगडावरून उतरला, आणि त्याची आई आजतागायत म्हणते की त्याला कुणीतरी ढकललं. बिबटे साहेब भर सभामंडपात एकटे उरले.

मुलांनो, तुम्हाला वाटेल, आता पालकांनी झेपाबाईंचा सत्कार केला असेल.

दुसऱ्या दिवशी पालकसभा झाली. विषय एकच, पालकांची बेशिस्त.

"मोठ्यांनीच ओळ मोडली, तर मुलांनी कुणाकडे बघायचं?" घोरपडेकाकूंनी पाठ चोळत विचारलं.

टिकलीचं नाव शाळेतून काढलं. भर सभेत डोक्यावर पाय पडूनही शांत राहिले, म्हणून बिबटे साहेबांना शाळा समितीचं अध्यक्ष केलं. पुढच्या वर्षी प्रवेशासाठी रांग डोंगरापर्यंत गेली. ती रांग सरळ होती. साहेब रोज संध्याकाळी तिच्या कडेनं फेरी मारायचे.

टिकलीची गाठ झेपाबाईंनी सोडली. मग पहिली फांदी, मग दुसरी, असं पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. रवंथेबाईंनी चिखल थोडा वाढवून आठवी सुरू केली. पट एकाचाच, पण गोंगाट पूर्वीइतकाच.

फांदोजी मात्र खंतावले. कुणी विचारलं, "टिकली कुठल्या शाळेत?" की ते आवाज खाली आणायचे.

"सध्या बाहेरून बसतेय," ते म्हणायचे, आणि डोक्यावरून टिकलीची उडी गेली की मान खाली घालायचे.

तात्पर्य : शाळा निवडताना मूल काय शिकतं ते पाहत बसू नये, किती गप्प बसतं तेवढं पाहावं. गप्प बसणारं मूल सर्वांना आवडतं. बिबट्याला तर फारच.