नरसिंगकाकांची नावांची वही

माझ्या लग्नाची पत्रिका नरसिंगकाकांनी मला लग्नातच परत दिली. तांबड्या पेन्सिलीने तीन नावं सुधारून!

"नोडु, हे बघ, तुझ्या सासऱ्याचं 'सिंधे' छापलंय. शिंदे ते! माणूस मांडवात यायचा कुठल्या नावानं?"

काका म्हणजे म्हैसूरच्या आमच्या मराठी मंडळाचे यादीवाले. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून आमची आडनावं पार कानडी-इंग्रजीत मुरलेली. जाधवांतला कुणी जादव, कुणी जाधव राव, रेशनकार्डावर तर यादवसुद्धा. काकांच्या जाड वहीत डावीकडे लोक लिहितात ते, उजवीकडे खरं ते. पत्त्यांचंही तेच; एकट्या कुवेंपुनगर या वस्तीच्या नावाचेच अकरा अवतार!

मी कॉम्प्युटरवाला, म्हणून यादी माझ्याकडे आली. काकांची वही मी जशीच्या तशी भरली. शिवाय एक सोय केली. वहीत नसलेलं नाव दिसलं, की प्रोग्रॅमने त्याच्या जवळपासचं नाव शोधायचं आणि दोन्ही नोंदी एक करायच्या.

"जवळपास म्हणजे किती?" काकांनी विचारलं.

"शंभरात नव्वद जुळलं की झालं."

"आणि उरलेल्या दहात कुणी राहत असेल तर?"

मी हसलो. तेव्हा त्यांच्या तोंडाकडे नीट बघायला हवं होतं.

मंडळ प्रत्येक सभासदाला वाढदिवसाचं कार्ड पाठवतं. त्या श्रावणात काका घरी आले. म्हणाले, "सुमित्रेचं कार्ड आलं नाही रे यंदा."

काकांची बायको, सुमित्राकाकू, जाऊन सहा वर्षं झाली होती. मी यादी उघडली. 'सुमित्रा जाधव, मयत.' आणि तिच्यात माझ्या प्रोग्रॅमने मिसळलेली दुसरी नोंद: 'सुमिथ्रा जाधव.' पत्ता तोच. कधीतरी हळदीकुंकवाच्या यादीतून आलेली. ही सुमिथ्रा मंडळाच्या लेखी जिवंत होती. नोंदी एक होईपर्यंत दरवर्षी कार्ड तिलाच जायचं.

"काका, हे तुमच्या वहीत नव्हतं?"

"दिसलं होतं मला." ते खाली बघत म्हणाले. "लिहिलं नाही."

मी नोंद वेगळी करायच्या बटणावर हात ठेवला. "आत्ता वेगळी करतो नोंद. कार्डही आजच टाकतो."

"नको रे. आजवर ते आपोआप यायचं. पोस्टमन तिच्या नावानं हाक मारायचा. आता तू पाठवलंस म्हणून येणार." ते उठले. "होग्ली बिडु, जाऊ दे."

मी बटणावरचा हात काढून घेतला.